सिंगापूरमध्ये हेल्पर ठेवायचीय? आधी एवढं बघून घ्या

इथे आलेल्या बहुतेक मराठी घरांत गोष्ट एकाच जागी येते, बाळ चार महिन्यांचं झालं, आई-बाबा परत पुण्याला गेले, माझी मॅटर्निटी लीव्ह संपली, आता हेल्पर (घरातच राहून काम करणारी परदेशी बाई) बघूया. आम्हीही तसंच केलं आणि घाईत केलं म्हणून हे लिहितेय.

पहिलं म्हणजे आपल्याकडच्या धुण्याभांड्याच्या मावशी डोक्यातून काढून टाका. मावशी काम उरकून स्वतःच्या घरी जातात. ही बाई तुमच्याच घरात झोपणार, तिचं वर्क परमिट तुमच्या नावाशी बांधलेलं, तिचं आजारपण, जेवण, सुरक्षितता सगळं कायद्याने तुमच्या गळ्यात. मिनिस्ट्री ऑफ मॅनपॉवर, म्हणजे सगळे एमओएम म्हणतात ते, पहिल्यांदा हेल्पर ठेवणाऱ्याला एक ओरिएंटेशन कोर्स करायला लावतं, ऑनलाईन होतो, तीनेक तास जातात. अर्ज करायच्या आधीच तो झालेला लागतो त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडू नका, त्यात खरंच कामाचं आहे.

पैशांचं. पगार ही फक्त सुरुवात. त्यावर सरकारला दर महिन्याला लेव्ही, म्हणजे हेल्पर ठेवण्याचा कर, पहिल्या हेल्परला ३०० सिंगापूर डॉलर. घरात १६ वर्षांखालचं सिटिझन मूल किंवा ६७ किंवा त्याहून मोठे सिटिझन आजी-आजोबा असतील तर ६० डॉलरवर येते, पण आपल्यासारख्या एम्प्लॉयमेंट पासवाल्यांना (नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्यांना) बहुतेक वेळा पूर्ण ३०० च धरून चालायचं. मग ५,००० डॉलरचा सिक्युरिटी बाँड (सरकारला द्यायची हमी, रोख भरावी लागत नाही, इन्शुरन्सवाले करून देतात), मेडिकल इन्शुरन्स वर्षाला निदान ६०,००० चा, अपघात विमा वेगळा, दर सहा महिन्यांनी तिची मेडिकल तपासणी. शिवाय तिसरा माणूस घरात जेवणार, किराणा वाढणारच.

हेल्पर मिळवून देणाऱ्या एजन्सीला लायसन्स आहे का ते एमओएमच्या साईटवर बघा. आणि एक प्रश्न नक्की विचारा, तिच्यावर कर्ज किती आहे? इथली एजन्सी तिच्याकडून कॉन्ट्रॅक्टच्या वर्षामागे एक महिन्याचा पगार, जास्तीत जास्त दोन महिन्यांचा, एवढीच फी घेऊ शकते, पण तिच्या देशातल्या एजंटचे पैसे वेगळे असतात. ते पगारातून कापले जातात आणि सुरुवातीचे कित्येक महिने बाईच्या हातात जेमतेम काहीतरी पडतं. गावाकडे तिची मुलं आहेत, शाळेची फी भरायचीय, आणि आपण म्हणतो ही गप्प गप्प का असते.

बायोडेटावर फार जाऊ नका. आमच्या एजन्सीने 'व्हेजिटेरियन इंडियन कुकिंग येतं' असं छापून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी कुकरची पहिली शिट्टी झाली आणि ती बिचारी हातातला चमचा टाकून दाराकडे पळाली, कुकर तिने आयुष्यात पाहिला नव्हता. तिची काहीच चूक नव्हती, फॉर्म तिने भरलाच नव्हता. म्हणून व्हिडिओ कॉलवर 'स्वयंपाक येतो का' विचारू नका, उत्तर 'येस मॅम' च येणार. विचारा की बाळाला ताप आलाय, मी फोन उचलत नाहीये, तू काय करशील? काल दिवसभर काय काय काम केलंस? मग खरी बाई दिसते. आणि तिलाही विचारू द्या, घरात किती माणसं, कुठे झोपायचं, फोन वापरता येईल का.

आल्यावर पहिला महिना शिकवण्यातच जातो हे धरून चाला. सांगू नका, सोबत उभं राहून करून दाखवा. फोडणी, कणीक, पोळी, मी रोज एकच गोष्ट शिकवली, महिन्याभरात तिच्या पोळ्या माझ्यापेक्षा गोल व्हायला लागल्या. इंडोनेशियन हेल्परला मुलं 'ककाक' म्हणतात, म्हणजे मोठी बहीण, पण ऐकायला ते अगदी 'काका' वाटतं, माझे बाबा फोनवर दोन दिवस विचारत होते की घरी कोण काका आलेत.

तुम्ही शाकाहारी असाल तर तिला आधीच सांगा, पण तिला अंडं, मासळी खायची सोय ठेवा. ती मुस्लिम असेल तर रमझानमध्ये तिची पहाटेची सहरी असते, त्याप्रमाणे कामं पुढेमागे करा.

खिडक्यांबाबत अजिबात तडजोड नको. उंच मजल्यावरून खिडकी पुसताना, खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे वाळत घालताना पडून इथे हेल्पर गेल्या आहेत. २०१२ पासून नियमच आहे, बाहेरच्या बाजूची खिडकी पुसायची तर ग्रिल कुलूपबंद हवं आणि घरातलं मोठं माणूस समोर उभं हवं. मी तर ते काम तिच्याकडे दिलंच नाही.

आठवड्याला एक सुट्टी. तिच्या संमतीने सुट्टीऐवजी पैसे देता येतात, पण २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी द्यावीच लागते. माझं म्हणणं, चारही द्या. रविवारी पाया लेबारच्या सिटी प्लाझाला किंवा ऑर्चर्डच्या लकी प्लाझाला एकदा जाऊन बघा, आठवडाभर आपल्या किचनमध्ये हळू आवाजात बोलणाऱ्या बायका तिथे कशा मोकळ्या हसतात ते. 'बाहेर गेली की बिघडते' असं आपल्याच मैत्रिणी सांगतात, ऐकू नका.

पासपोर्ट तिचा, तिच्याकडेच राहील. पगार महिना संपल्यावर सात दिवसांत, शक्यतो बँकेत, आणि 'मी सांभाळून ठेवते तुझे पैसे' हे २०१९ पासून बेकायदेशीर आहे. गणपतीत मैत्रिणीकडे मोदकांच्या मदतीला पाठवणंही चालत नाही, परमिटवर जो पत्ता आहे तिथेच काम.

काम संपवून ती मायदेशी परत जाताना तिकिटाचा खर्च आपला. आणि ते तिच्या गावाला जवळ पडेल अशा विमानतळाचं काढायचं, सुराबाया जवळ असताना शंभर डॉलर वाचतात म्हणून जकार्ताचं काढून देऊ नका, पुढे बसने रात्रभर सामान घेऊन ती एकटी जाते.