रूममेट गप्प गप्प राहायला लागला तर

गोंदिया-गडचिरोलीहून नागपुरात शिकायला आलेली मुलं सुरुवातीला बुजतातच. सोशल अँग्झायटी त्यापुढची. चारचौघांत हसं होईल या भीतीने मुलगा व्हायव्हा (तोंडी परीक्षा) चुकवतो, मेस रिकामी झाल्यावर जेवायला जातो, फोन उचलत नाही. असं सहा महिने चाललं आणि अभ्यास अडला, तर उपचार हवेत. एकटेपणात नैराश्य किंवा दारूची भर पडली की आत्महत्येचा धोका वाढतो.

‘माझा सगळ्यांना ताप आहे’ अशी भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोपासारखे मेसेज दिसले तर त्याच दिवशी बोला. ग्रुपवर नको. अशा मुलाला नजरेला नजर देणं जड जातं, म्हणून शेजारी चालता चालता सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. ‘हो’ म्हणाला तर पुढे विचारा: काही ठरवलंय का, कधी? मग ऐका. ‘घरच्यांचा विचार कर’ म्हणू नका, अपराधी वाटून तो आणखी मिटतो. कुणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नका.

ठरवलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका. खोलीतली औषधं आणि धोक्याच्या वस्तू हलवा, वॉर्डनला आणि घरी कळवा, 112 लावा किंवा मेडिकल, मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) न्या.

तातडी नसेल तर टेलीमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. मोफत, चोवीस तास, मराठीतही. नंबर देऊन मोकळं होणं ही इथली नेहमीची चूक. अनोळखी माणसाशी बोलायचीच त्याला धास्ती, तो कसा लावणार? तुम्ही लावा, स्पीकरवर ठेवा, पहिलं वाक्य तुम्ही बोला. मेडिकलच्या मानसोपचार ओपीडीतही सोबत जा. कागदावर तीन ओळी लिहून न्या: कधीपासून, काय काय टाळतो, मरणाचे विचार येतात का. तोंडून शब्द फुटला नाही तर कागद डॉक्टरांच्या हातात द्यावा.

उपचारात भीतीची पायरी-पायरीने सवय करतात. आधी बर्डीच्या बाजारात दुकानदाराला भाव विचारणं, मग एका सरांना शंका, मग पाच मित्रांपुढे बोलणं, शेवटी सेमिनार. भीती ओसरेपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा करायची. एकदम सेमिनारला उभं केलं तर तो पुन्हा खोलीत कोंडून घेतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीला कधी कधी आत्महत्येचे विचार वाढतात, तेव्हा बेचैनी दिसली तर लगेच डॉक्टरांना कळवा. गोळ्या मनाने बंद करू देऊ नका.