छाटणीआधी मातीतला चुना बघा

पोळा झाला की नाशिकच्या निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्ष पट्ट्यात बेसल डोसच्या (छाटणीआधी मातीत द्यायच्या खताच्या) गोण्या बांधावर येऊन पडतात. माती तपासायची आठवण होते ती गोण्या बोदात (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंच वरंब्यात) गेल्यावर. मग रिपोर्टमध्ये जमिनीपेक्षा टाकलेलं खतच जास्त दिसतं. म्हणून पावसानं उघडीप दिली आणि वाफसा आला की पहिलं काम नमुन्याचं करा. परतीचा पाऊस लागला तर चिखलात नमुना निघत नाही, आणि छाटणी आणि पेस्टिंगच्या (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावण्याच्या) गडबडीत फावड्याला कोणी हात लावत नाही.

त्यातही माझा आग्रह एकाच तपासणीचा आहे, मुक्त चुन्याच्या, म्हणजे मातीतल्या चुनखडीच्या (कॅल्शियम कार्बोनेट). सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. चुना त्यात नाही. तो मागून घ्यावा लागतो, आणि मागत कोणी नाही. पत्रिकेत लोह ‘पुरेसे’ आणि बागेत शेंडे पिवळे, हे चित्र आपल्या काळ्या जमिनीत दरवर्षी दिसतं. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळीला मिळत नाही. बागाच्या बागा अशा खंगताना पाहिल्यात. खर्च झाला तो औषधांच्या बाटल्यांवर, चुना तपासलाच नाही.

प्रयोगशाळेची वाट पाहण्याआधी शेतातच बघून घ्या. बोदाच्या कडेला, खोडापासून हातभर अंतरावर, दोन फूट खोल खड्डा उघडा. वरची, मधली आणि तळाची माती वेगवेगळी हातात घ्या. प्रत्येकीवर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे चार थेंब टाका. आणलेलं ॲसिड कडक असेल तर तीन भाग पाण्यात एक भाग ॲसिड सोडा, ॲसिडवर पाणी कधीच ओतू नका, आणि हातमोजे घाला. नुसती बारीक चुरचुर झाली तर चुना थोडा. भसाभसा फेस आला तर जास्त. बऱ्याच ठिकाणी वरची माती गप्प राहते आणि दीड फुटाखालची उकळते. जेसीबीनं सपाटीकरण केलेल्या शेतात तळाची चुनखडी वर येते. बागेत एखादा पट्टा दरवर्षी त्याच जागी पिवळा पडत असेल तर माझा संशय आधी या वर आलेल्या चुनखडीवरच जातो.

रिपोर्टमध्ये मुक्त चुना 5 टक्क्यांच्या आत असेल तर निवांत राहा. 5 ते 10 मध्ये सांभाळून, आणि 10 च्या वर गेला तर खतांचं सगळं वेळापत्रक नव्यानं बसवा.

इथेच दुकानदार गाठतो. ‘गंधकाची बादली सोडा, चुना मरेल.’ हिशोब करा. एकरातल्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन साधारण 9 लाख किलो. त्यात 1 टक्का चुना म्हणजे 9 टन, आणि तेवढा मारायला जवळपास 3 टन गंधक लागेल. जमिनीत 10 टक्के असेल तर पुढचं गणित तुम्हीच करा. जिप्समही चुन्यावरचा इलाज नाही, ते चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीसाठी. जमीन चोपण होतेय का, हे पाहायला सुकं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात हलकेच सोडा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी ढेकळाभोवती पाणी दुधाळ गढूळ दिसलं तर सोडियम वाढलाय असं समजा. खात्री प्रयोगशाळेतच होईल.

चुनखडीत लोह द्यायचं तर विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी 25 किलो फेरस सल्फेट, पण शेणखतात आठ-पंधरा दिवस मुरवून. मोकळं फेकलं तर वाया. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) ठिबकातून सोडणार असाल तर लेबलावरचं नाव वाचा. स्वस्तातलं ‘ईडीटीए’ 8 सामूच्या मातीत टिकत नाही, ते फवारणीपुरतं ठीक. मुळीतून द्यायचं तर ‘ईडीडीएचए’ हवं. ते महाग आहे, म्हणूनच आधी चुना तपासा, गरज नसेल तर खर्च वाचेल.

नमुना घेताना:
- बांध, विहीर, उकिरडा, झाडाची सावली टाळा.
- खत टाकून दोन-तीन महिने झालेले असावेत.
- हंगामी पिकाला 20 सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, 8-10 ठिकाणी.
- द्राक्ष, डाळिंबाला 30, 60, 90 सेंटिमीटरचे नमुने वेगळे.
- घमेल्यात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत.
- सावलीत वाळवा. खताची पिशवी वापरू नका.
- चिठ्ठीवर ‘मुक्त चुना हवा’ असं ठळक लिहा.

क्षारतेबद्दल एक सांगतो. आत्ता भाद्रपदात क्षार पावसानं खाली धुतलेले असतात, त्यामुळे रिपोर्टमधला क्षारतेचा (ईसी) आकडा 1 च्या आत दिसला तरी त्यावर विसंबू नका. बोअरच्या पाण्यावरची बाग असेल आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी कड जमत असेल तर एप्रिलच्या खरड छाटणीआधी क्षारता पुन्हा बघा, पाण्याचाही नमुना द्या. चुना मात्र पावसानं हलत नाही. तो आज तपासा की एप्रिलमध्ये, आकडा तोच.

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या भातवाल्यांना ही चुन्याची कटकट सहसा नाही. तिकडे जोरदार पावसानं जमीन धुऊन निघते आणि सामू खाली येतो, त्यांनी सामू आणि कर्ब बघावा. कसमादेत (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) अर्ली छाटणी आटोपली असेल, त्यांनी निदान खड्डा उघडून ॲसिडचे थेंब टाकून बघावेत आणि पुढच्या डोसाची गोणी तोवर फोडू नये.