सोलापूरच्या उन्हात छोट्या गाडीचं इंजिन तापतंय?
एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० अंशांवर गेला की सात रस्ता चौकातल्या सिग्नलला छोट्या गाड्यांचा तापमानाचा काटा चढू लागतो. बहुतेकदा दोष रेडिएटरच्या पंख्यात, त्याच्या रिलेत (पंखा चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचमध्ये) किंवा कमी झालेल्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात असतो. काटा चढला की आधी एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन थांबवा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कृपा करून उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उसळतं. अर्धा तास तरी थांबा. आणि बोअरचं पाणी ओतायची सवय सोडाच. त्यातल्या क्षारांची खपली आतल्या बारीक नळ्यांत धरते. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा. पातळी पाहायची ती सकाळी, इंजिन थंड असताना.