सीएसएचा शेअर घेताय? मग या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्सकडच्या शेतांवर सीएसएची नोंदणी जोरात असते. जूनमध्ये भाजीचा पहिला वाटा, म्हणजे शेअर, घरी येतो आणि दरवर्षीच्याच तक्रारी पुन्हा ऐकू येतात: नुसता पाला दिलाय, कोथिंबीर कुठे आहे, भेंडी कधी देणार? सीएसए म्हणजे कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या इंडियन लाइन फार्मपासून आणि न्यू हॅम्पशायरमधल्या टेंपल-विल्टन फार्मपासून ही पद्धत रुजली. हंगामाचे पैसे तुम्ही आधी भरता. त्यातून शेतकरी बियाणं, खत, मजुरी भागवतो आणि पिकेल त्यातला वाटा वीस-बावीस आठवडे तुम्हाला देतो. ‘पिकेल त्यातला’ हे दोन शब्द पैसे भरताना कुणी वाचत नाही.

वाट्याला दुकानाचा हिशोब लावणं

सगळ्यात जास्त कटुता याच चुकीने येते. २००९ चा उन्हाळा आठवा. ईशान्य अमेरिकेत जूनभर गारठा आणि पाऊस होता. त्यात मोठ्या दुकानांतून विकल्या गेलेल्या टोमॅटोच्या रोपांबरोबर उशिरा येणारा करपा गावोगावी पोचला. आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पाडणारा रोग तो हाच. पानांवर ओलसर, काळपट डाग दिसायला लागले की दमट हवेत आठ-दहा दिवसांत अख्खा प्लॉट झोपतो. सेंद्रिय शेतकऱ्याच्या हातात तांब्याची फवारणी असते, पण ती रोग लागण्याआधी करावी लागते. नंतर तिचा उपयोग नाही. त्या वर्षी कित्येक सीएसएंना सदस्यांना टोमॅटो देताच आले नाहीत.

जुलै २०२३ मध्ये व्हरमाँटला महापूर आला आणि बर्लिंग्टनच्या इंटरव्हेल या नदीकाठच्या भागातली शेतं पाण्याखाली गेली. पुरानंतर ‘भाजी धुऊन द्या की’ असं म्हणणारे भेटतातच. पुराच्या पाण्यात मैला असतो, तेल असतं, रसायनं असतात. खायच्या भागाला ते पाणी लागलं की ती भाजी विकता येत नाही, कितीही धुतली तरी. अशा वेळी शेतकऱ्याकडे पैसे परत मागणाऱ्याने मुळात शेअर घ्यायलाच नको होता. ज्याला दर आठवड्याला ठरलेल्या पाच भाज्या हव्यात, त्याच्यासाठी दुकान आहे.

मात्र पैसे भरण्याआधी चौकशी करायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. शेतकऱ्याकडे गेल्या वर्षीची आठवडावार यादी मागा. कोणत्या आठवड्यात काय आणि किती दिलं, हे त्यात स्पष्ट दिसतं. भेंडी दोनदाच आली असेल तर यंदाही फारशी येणार नाही. पेटीतलं बाहेरून विकत घेतलेलं काय असतं तेही विचारा. चांगला शेतकरी हे सरळ सांगतो. आणि कोथिंबिरीचं म्हणाल, तर जुलैच्या उन्हात ती पटकन फुलावर जाते. म्हणून ती बहुधा जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरात मिळते.

पहिल्याच वर्षी पूर्ण शेअर घेणं

अर्धा घ्या. रोज दोन भाज्या करणाऱ्या चौघांच्या घरालाही पहिला हंगाम अर्धा पुरतो.

पिशवी तशीच फ्रीजमध्ये कोंबणं

संध्याकाळी सहाला पिकअप, म्हणजे शेअर घ्यायला जायचं. तिथून मुलांना पोहायच्या क्लासवरून आणायचं. भाजी तासभर तापलेल्या डिकीत. घरी आल्यावर पिशवी गाठीसकट खालच्या खणात. रविवारी उघडली की वरचं लेट्यूस काळं-चिकट, तळाशी बीट सुरकुतलेलं, गाजरं रबरासारखी, आणि बेझिल पूर्ण काळं. मग म्हणायचं, ‘सीएसएची भाजी टिकत नाही.’ सकाळी तोडलेली भाजी दुकानातल्यापेक्षा जास्त टिकते, फक्त पहिला अर्धा तास तिला द्यावा लागतो. त्या रात्री खिचडी लावा आणि भाजीकडे बघा.

डिकीत थंड डबा आणि दोन बर्फाच्या पिशव्या ठेवा. घरी आल्यावर पहिलं काम: बीट, मुळा, गाजर, सलगम यांचा पाला देठाचं दोन-तीन सेंटीमीटर टोक ठेवून कापा. पाला जोडलेला राहिला तर तो कंदातलं पाणी ओढत राहतो, म्हणून कंद मऊ पडतो. पाला काढलेली गाजरं-बिटं पिशवीत तीन आठवडे सहज राहतात. कापलेला पाला टाकायचा नाही. मुळ्याचा पाला दुसऱ्या दिवशी पीठ पेरून, बिटाचा मुगाच्या डाळीत.

कोमेजलेली पालेभाजी गार पाण्यात वीस मिनिटं बुडवली की ताठ होते. नंतर ती नीट कोरडी करायची, ही पायरी घाईत गाळलीत तर सगळं फुकट. पानांवर पाणी राहिलं की दोन दिवसांत ती सडतात. जुन्या सुती पंच्यात सैलसर गुंडाळून पिशवीत ठेवा. बेझिल फ्रीजमध्ये नको, दहा अंश सेल्सियसच्या खाली ते काळं पडतं. पेल्यात पाणी घालून ओट्यावर ठेवा. टोमॅटोही बाहेरच. बटाटे अंधारात, कांद्यापासून लांब.

खायचा क्रमही असतो. पालक, अरुगुला, पाले आधी दोन दिवसांत. केल आणि चार्ड आठवडाभरात. कोबी, गाजर शेवटी. नेमका कोबी सोपा म्हणून पहिल्या दिवशी होतो आणि पालक पाचव्या दिवशी कचऱ्यात जातो.

भारतवारीचा विचार न करणं

शाळा जूनअखेर सुटतात, आपण सहा आठवडे पुण्या-मुंबईला, आणि इकडे काकडी, वांगी, टोमॅटो भरात. परत आल्यावर ‘तेवढे आठवडे वजा करा’ म्हणणं चूक आहे, कारण भाजी तर तोडलेली असते. तिकीट काढलं त्याच दिवशी शेताला कळवा, नाहीतर ते आठवडे शेजाऱ्याच्या नावावर करा. न नेलेला शेअर बऱ्याच ठिकाणी गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या फूड पँट्रीला जातो. तसं जाणार असेल तर बिनधास्त जाऊ द्या.

अनोळखी भाजी बाजूला सारणं

कोलराबी म्हणजे आपला नवलकोल. डिल म्हणजे शेपू. लसणाचे कोवळे दांडे जूनअखेर येतात; तव्यावर हिरवी मिरची आणि शेंगदाण्यांबरोबर भाजून ठेचा करा. चार्ड अळूसारखं शेंगदाणे-हरभऱ्याची डाळ घालून पातळ करा. झुकिनी किसा, पिळून पाणी काढा, थालीपिठाच्या पिठात मळा. पाणी न काढता मळलंत तर थालीपीठ तव्यावरच तुटतं. खरोखर नको असेल ते पिकअपच्या जागी सदस्यांच्या अदलाबदलीसाठी ठेवलेल्या खोक्यात ठेवा, पण किती न्यायचं ते सांगणाऱ्या फळ्यावर ‘दोन पाउंड’ लिहिलं असेल तर दोनच पाउंड उचला.

‘स्वतः तोडा’च्या ओळींकडे न फिरकणं

चेरी टोमॅटो, मिरच्या, शेंगा, फुलं अनेक शेतांवर सदस्यांनी स्वतः तोडायची असतात, शेअरच्याच पैशांत. घाईतले लोक पेटी उचलून निघून जातात आणि मिरच्या दुकानातून आणतात.

तिथेच पायाखाली बघा. ओळींमध्ये तण म्हणून उपटलेलं पर्सलेन म्हणजे आपली घोळ, आणि लॅम्ब्स क्वॉर्टर म्हणजे चाकवत. विचारलंत तर बहुतेक शेतकरी ढीगभर आनंदाने देतील. घोळीसारखीच दिसणारी स्पर्ज नावाची विषारी वनस्पतीही तिथेच पसरते. देठ मोडून बघा: पांढरा चीक आला तर टाकून द्या. घोळीचा देठ लालसर, मांसल असतो आणि मोडल्यावर नुसतं पाणी येतं.