कातळावर सेप्टिक टँक बांधताना

कोकणात सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट माळावर, घर बांधताना सेप्टिक टँकपेक्षा शोषखड्ड्याची (टँकमधून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याची) जागा ठरवणे अधिक अवघड असते, कारण जांभा वरून टणक दिसला तरी आतून भोकाभोकांचा असतो आणि त्याच्या भेगांतून मैलापाणी न गाळता थेट उताराखालच्या विहिरीत उतरू शकते. म्हणून शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर दूर आणि तिच्या उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा. भेगाळ कातळात हे अंतर आणखी वाढवलेले बरे.

खोदाई करण्यापूर्वी मातीची चाचणी घ्यावी. नियोजित खोलीवर लहान खड्डा खणून तो रात्रभर पाण्याने भिजवावा व दुसऱ्या दिवशी 15 सेंटिमीटर पाणी भरून पातळी 25 मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते पाहावे. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर शोषखड्डा चालतो. तासाहून अधिक लागल्यास तो तुंबणारच. मात्र पाणी क्षणात नाहीसे झाले तर आनंद मानू नये, तिथे भेग आहे. अशा ठिकाणी कातळ फोडत बसण्याऐवजी वर वाळूमातीचा भराव घालून त्यातून पाणी मुरू द्यावे.

चाचणी मे महिन्यात घेतली असली, तरी भूजलाची पातळी श्रावणात पाहूनच खोली ठरवावी. प्लास्टिकची तयार टाकी बसवल्यास ती पावसाळ्यापूर्वी पाण्याने भरून ठेवावी, अन्यथा खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर रिकामी टाकी तरंगून वर येते आणि पाइपांचे सांधे निखळतात.