पीपीटी ग्रुपवर आली, डोक्यात कधी येणार? कॉलेजच्या वर्गातल्या या चुका टाळा

तास संपायला पाच मिनिटं उरली की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, पीपीटी ग्रुपवर टाकाल ना?" सर "हो" म्हणतात आणि वह्या मिटतात. खेडपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही कॉलेजात हे ऐकू येईल.

प्रोजेक्टर, मोबाईल, ग्रुप यांच्याशी माझं भांडण नाही. पावसात रस्ता बंद पडला, एसटी आलीच नाही, तरी चुकलेला तास घरी बघता येतो ही सोय मोठी आहे. पण साहित्य मोबाईलमध्ये आलं की विषयही आला असं वाटू लागतं. खाली दिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा याच समजातून होतात.

फोटो काढला, काम झालं

फणस घरात आणला म्हणून गरे पोटात जात नाहीत. फळ्याच्या फोटोंचंही तसंच. गॅलरीत थर्मोडायनॅमिक्सच्या वर शिमग्याच्या पालखीचे फोटो येतात, त्यांच्या वर कुणाच्यातरी हळदीचे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री शोधाशोध सुरू होते.

हाताने लिहावं की लॅपटॉपवर, यावर म्यूलर आणि ओपेनहायमर या अमेरिकी संशोधकांचा 2014 चा अभ्यास बराच गाजला. लॅपटॉपवाली मुलं व्याख्यान शब्दशः उतरवत होती आणि समजुतीच्या प्रश्नांत मागे पडत होती. 2021 मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा गुणांतला फरक तसा दिसला नाही. शब्दशः उतरवण्याची सवय मात्र दिसली. त्यामुळे पेन हातात धरलं की झालं, असं कुणी समजू नये. ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत मांडायला लागणं, खरा फायदा तिथे आहे. फोटो काढताना नेमकं तेच राहून जातं.

उपाय सोपा, पण कंटाळवाणा आहे. तासाला अर्धं पान लिहा. संध्याकाळी पीपीटी न उघडता, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर काढा. मग पीपीटी उघडून जे सुटलं ते वेगळ्या रंगाने भरा. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये हेच तपासलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांना साधारण 56 टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना 42. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे वेगळं सांगायला नको. कागद नसेल तर एसटीत खिडकीशी बसून मनातल्या मनात तोच तास पुन्हा घ्या. त्याला रेंज लागत नाही.

लाईट गेली की संपणारा तास

ही चूक आम्हा शिकवणाऱ्यांची. जून ते सप्टेंबर कोकणात लाईट जाणारच. प्रोजेक्टर बंद पडल्यावर ज्या तासात सांगण्यासारखं काही उरत नाही, तो तास लाईट असतानाही वाचनच असतो.

काही गोष्टी स्लाइडवर घालूच नयेत. गणितातली सिद्धता, भौतिकशास्त्रातली उदाहरणं, अकाउंट्सचं खातं या त्यांत आधी येतात. स्लाइडवर ताळेबंद जुळलेलाच दिसतो. तो जुळत नव्हता तेव्हा बघायचं कुठे, हे मुलांना दिसतच नाही. खडू घ्या, पायरीपायरीने मांडा, मध्येच थांबून "पुढची नोंद कुठल्या बाजूला?" असं विचारा. स्लाइड ठेवा ती फळ्याला न झेपणाऱ्या गोष्टींसाठी. मे 2021 मधल्या तौक्ते वादळाचा किनाऱ्याला समांतर सरकणारा मार्ग उपग्रहचित्रांच्या मालिकेत जसा दिसतो तसा फळ्यावर काढता येणार नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये चिपळूणला पूर आला. वाशिष्ठी नदीचं खोरं आणि शहराचं स्थान नकाशावर एकाखाली एक दाखवलं तर अर्धं व्याख्यान वाचतं.

पीपीटी द्यायचीच असेल तर रिकाम्या जागा ठेवून द्या. व्याख्या आणि आकृत्या असाव्यात. कारणं आणि उदाहरणं मुलांनी भरावीत.

शेजाऱ्याची स्क्रीन

"मी माझं बघतोय, कुणाला त्रास आहे?" आहे. कॅनडात 2013 मध्ये झालेल्या सना, वेस्टन आणि सेपेडा यांच्या प्रयोगात, व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांना चाचणीत 11 टक्के कमी गुण पडले. ज्यांना ती स्क्रीन नुसती दिसत होती, त्यांना 17 टक्के कमी. म्हणून लॅपटॉपवाल्यांना शेवटच्या रांगेत बसवा आणि फोन दप्तरात ठेवायला सांगा. सरसकट बंदी घालण्यापेक्षा "आता काढा" आणि "आता ठेवा" असं स्पष्ट सांगितलेलं मुलं जास्त पाळतात.

सगळ्यांना रेंज आहे असं धरून चालणं

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर घर असेल तर रेंज बरी मिळते. खाली खाडीकाठच्या वाडीत, डोंगराच्या कुशीत असेल तर फोन घेऊन चढ चढावा लागतो. अशा मुलीला असाइनमेंटची मुदत रात्री 11.59 ची देणं म्हणजे तिला रात्री सड्यावर पाठवणं. मुदत कॉलेजच्या दिवशी दुपारची ठेवा, म्हणजे कॉलेजच्या वायफायवरून तरी अपलोड होईल.

"फाइल जात नाही" ही तक्रार बऱ्याचदा आकाराची असते. वहीच्या दहा पानांचे दहा फोटो सहज 30-40 एमबी होतात. तीच पानं स्कॅनिंगच्या अ‍ॅपमधून कृष्णधवल पीडीएफ केली की फाइल कितीतरी पटींनी लहान होते. व्हिडिओचंही तसंच: 480पी वर तासाभराच्या व्याख्यानाला ढोबळमानाने अर्धा जीबी लागतो, 1080पी वर त्याच्या काही पट. दिवसाला दीड जीबीचा पॅक आणि घरात एकच फोन असेल तर हा हिशोब महत्त्वाचा ठरतो. फळा दिसण्यापुरतं 480पी पुरे, आणि कॉलेजात असतानाच डाउनलोड करा. शिक्षकांनी मुख्य मुद्द्यांची दहा मिनिटांची ऑडिओ क्लिप टाकली तर ती कमकुवत नेटवरही उतरते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला ग्रंथालय समजू नका. तिथे जुन्या फाइली नंतर उघडत नाहीत आणि उरलेल्या शुभेच्छांखाली गाडल्या जातात. गूगल क्लासरूममध्ये प्रकरणवार ठेवा आणि एक छापील प्रत ग्रंथालयात द्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस ना वीज होती ना मोबाईल. कपाटातली प्रत अशा वेळी कामाला येते.

लांबलचक प्रकरण फोनवर वाचू नका, झेरॉक्स काढा. 2018 मध्ये 54 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो असं दिसलं. वेळेची घाई असेल तेव्हा हा फरक वाढतो.

चॅटबॉटला आधी विचारणं

समजा, इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजावर प्रकल्प आहे. चॅटबॉट झरझर चार पानं देतो. 1885 मध्ये ब्रह्मदेशाचं राज्य गेलं, 1910 च्या सुमारास रत्नागिरीत राजवाडा उभा राहिला, 1916 मध्ये राजाचा तिथेच मृत्यू झाला, हे सगळं त्यात बरोबर असेलही. पण शेवटी दिलेल्या संदर्भांतलं एखादं पुस्तक कधी छापलंच गेलेलं नसतं, आणि भाषा इतकी ठाम असते की शंका येत नाही. नियम एवढाच: जो संदर्भ प्रत्यक्ष हाती आला नाही, तो लिहायचा नाही. आणि राजवाडा रत्नागिरीतच आहे, तर एकदा जाऊन या.

क्रमही उलटा करा. आधी स्वतःचं उत्तर लिहा, मग ते चॅटबॉटला देऊन "यावर मला पाच अवघड प्रश्न विचार" असं सांगा. असं केल्यावर त्याचा खरा उपयोग होतो. शिक्षकांनी प्रकल्प घेताना तीन मिनिटं तोंडी विचारावं. कुणी लिहिलंय ते पहिल्याच मिनिटात कळतं.

ओहोटी सोडून अ‍ॅनिमेशन

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. महागड्या यंत्रांसाठी व्हर्च्युअल लॅब उत्तम आहे. पण कांदळवन शिकवायला अ‍ॅनिमेशन, आणि खाडी कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर! तिवराची चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळं, कांदळाची आधारमुळं, तिवराच्या पानावर जिभेला लागणारं मीठ, यांतलं काय काय स्क्रीनवर कळणार? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या ओहोटीला पाणी जास्त मागे जातं, तेव्हा जा. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून वेळ आधी कोळ्यांना विचारा आणि भरती लागण्याआधी परत फिरा. फोन इथे मात्र खिशातून काढाच: तारीख आणि ठिकाणासह फोटो, महिन्याने त्याच जागी पुन्हा फोटो, आणि दोन्हींतला फरक जर्नलमध्ये.

स्वयमवर नाव घातलं आणि विसरलो

स्वयम या सरकारी संकेतस्थळावरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) घेता येतील अशी तरतूद यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2021 मध्ये केली. स्वयमवर शिकणं मोफत आहे, पण परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिला शुल्क लागतं. मुलं इथेच अडकतात. नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारा: हा अभ्यासक्रम आपलं कॉलेज धरणार का, परीक्षेचं केंद्र कुठे येईल, आणि तिथे सकाळच्या वेळेत पोहोचणारी एसटी आहे का. परीक्षा-नोंदणीची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा, कारण तिचा मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतो.