बाबांचा जुना पीसी आणि डिफ्रॅग

बाबांचा विंडोज ७ वाला पीसी चालू केला की चहा करून पिऊन व्हायचा तरी डेस्कटॉप येईना, वर डिस्कची कुरकुर वेगळीच. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, तिथं अ‍ॅनलाइज केलं तर ३१ टक्के फ्रॅगमेंटेड! म्हणजे एकाच फाइलचे तुकडे तबकडीवर कुठंकुठं विखुरलेले, ते गोळा करायला हेड (डेटा वाचणारा भाग) सारखं इकडून तिकडं पळतंय. हे तुकडे परत सलग लावणं म्हणजे डिफ्रॅग. तसं विंडोज ७ मधे ते दर बुधवारी रात्री १ ला आपोआप व्हायचं सेटिंग असतं, पण बाबा साडेनऊलाच मेन स्विच बंद करतात, झालं का. मग डिफ्रॅग रात्रभर लावून ठेवलं, आता फायली सलग झाल्यात, पीसी बराच लवकर सुरू होतो. जागा मात्र वाढत नाही हां, बाबांना तेच वाटलेलं. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली डिस्क) असेल तर हे करू नका, तिथं हेडच नसतं, उगाच डिस्कवर लिहिणं वाढतं.